मामाजींचा शब्दकोश कशात लिहायचा

मे महिन्यातल्या एका सकाळी मधुकरराव कापगते लॅपटॉप उघडून बसले. त्यांना 'सलंग' या शब्दाचा अर्थ लिहायचा होता. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या जागेवरून वाहून जातं ती सलंग. पण बटण दाबलं तरी अक्षर उमटेना. पडद्यावर वरच्या बाजूला एक लाल पट्टी आली होती. त्यांनी सुनेला हाक मारली.

ज्योत्सना हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने पट्टी वाचली आणि सांगितलं, की लॅपटॉपसोबत लिहायचं जे सॉफ्टवेअर वर्षभरासाठी मिळालं होतं त्याची मुदत संपली. फाईल उघडेल, वाचता येईल, पण पैसे भरल्याशिवाय त्यात काही घालता येणार नाही.

"म्हंजे माह्यंच लिहिलेलं मले वाचू देते, पन लिहू देत नाही?"

"हो, मामाजी."

"मंग आपल्याच पानाचं भाडं मी काहून भरू?"

गॅसवर भात होता, ती परत आत गेली.

मधुकरराव भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीचे. आयुष्यभर शिक्षक होते, घरी धानाची शेती. आता एक्काहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी गावच्या तलावाच्या दुरुस्तीचं मोजमाप करायला एक तरुण इंजिनिअर आला होता. तुडूम कुठे करायचं, असं कोणी म्हातारा त्याला विचारत होता आणि त्याला शब्दच कळत नव्हता. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा. मधुकररावांनी बाजूला उभ्या असलेल्या आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर त्यांच्यातल्याही दोघातिघांनाच माहीत होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी एका कागदावर चाळीस शब्द लिहून काढले. बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणा हे शेतीचे शब्द त्यांचे स्वतःचे होते. पण पाण्यातले शब्द त्यांच्याकडे नव्हते. ते चिंधू नान्हेकडे होते.

चिंधू मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला, वय ऐंशीच्या पुढे. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो त्याच तलावात जाळं टाकत आला होता. लिहिणं-वाचणं येत नव्हतं. एक कान गेला होता, दुसराही चालला होता, आणि थंडीत धरलेला खोकला उन्हाळ्यातही सुटला नव्हता. रोज दुपारी तो मधुकररावांच्या ओसरीवर यायचा, चहा प्यायचा आणि शब्द सांगायचा. त्याच्या खोकल्यामुळे मधुकररावांना घाई होती. तसं ते बोलून दाखवत नसत, पण ज्योत्सनाला ते कळत होतं.

मधुकरराव संगणक शिकले त्रेसष्टाव्या वर्षी, साकोलीच्या एका वर्गात. तिथल्या मास्तरने सगळ्यांकडून एक लग्नपत्रिका करून घेतली होती. देवाचा फोटो एका चौकटीत, वधूवरांची नावं दुसऱ्या चौकटीत. तेव्हापासून त्यांचा असा समज झाला, की संगणकावर नीटनेटकं लिहायचं म्हणजे चौकटीत लिहायचं. शब्दकोशही त्यांनी तसाच केला. शब्द एका चौकटीत, अर्थ दुसरीत, फोटो तिसरीत. दोनशे चौदा शब्दांच्या साडेसहाशेच्या आसपास चौकटी झाल्या होत्या, आणि प्रत्येक चौकट त्यांनी माउसने ओढत ओढत जागेवर नेऊन बसवली होती.

ज्योत्सनाने लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. त्यामुळे घरात संगणकाचं काहीही निघालं, की हाक तिलाच. विचारायला सगळे यायचे. सल्ला ऐकायची पाळी आली, की प्रत्येकाचं आपलं मत तयार असायचं.

तिचं मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. घरात लिहायचं काय, तर मामाजींचा शब्दकोश, बचत गटाची पत्रं आणि कधी एखादा अर्ज. एवढ्यासाठी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते चोरीचं नाही, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आहे. एकदा उतरवून घेतलं, की इंटरनेट नसलं तरी चालतं.

तिच्या नवऱ्याला हे पटलं नाही. देवानंद राइस मिलमध्ये लिखापढीचं काम करायचा. मिलच्या संगणकावर पैसेवालं सॉफ्टवेअर होतं आणि ते कधी अडत नसे. फुकटाच्या मालाचा काय भरवसा, असं त्याचं म्हणणं. वर्षाला काही हजार भरावे आणि मोकळं व्हावं. त्यावर मधुकररावांनी विचारलं, की पुढच्या वर्षी मी नसलो तर तू भरशील की पुस्तक कुलपात ठेवशील? देवानंद म्हणाला, एकदाच पैसे भरून कायमचं मिळतं तसंही एक आहे. त्याने मोबाइलवर त्याची किंमत काढली, पाहिली आणि मोबाइल खिशात ठेवला.

देवानंदची बहीण राखी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. तिला फोन लावला. तिने ज्योत्सनाची बाजू घेतली. आमच्या ग्रंथालयाची सगळी पत्रं फुकटच्यावरच होतात, म्हणाली. तेव्हा मधुकरराव म्हणाले, तुमचं पत्र म्हंजे दहा ओळीचं, माह्यं पुस्तक हाये. मग कोणीतरी सांगितलं, की पैसेवालंच इंटरनेटवर फुकट वापरता येतं. तेही करून पाहिलं. सानगडीतलं नेट असं, की एका वाक्यात तीनदा पडद्यावर चक्र फिरायचं. 'मरळ ही चिखलातही जिवंत राहते' एवढं लिहायला पाव तास गेला, आणि 'राहते' पुन्हा लिहावं लागलं.

अशा चर्चेत तीन आठवडे गेले. मधुकरराव या काळात कोशात एकही नवा शब्द घालू शकले नाहीत. कागदावर लिहून ठेवा, असं ज्योत्सनाने दोनदा सुचवलं. पण एकदा कागदावर आणि एकदा संगणकावर असं दोनदा कशाला, आज-उद्या ठरतेच आहे, असं ते म्हणायचे. चिंधू रोज येत होता. ओसरीवर बसायचा, आत चाललेला वाद चांगल्या कानाने जमेल तेवढा ऐकायचा आणि चहा पिऊन परत जायचा.

शेवटी एका दुपारी ज्योत्सनाने कोणाला न विचारता फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि शब्दकोशाची फाईल त्यात उघडली.

अक्षरं सगळी नीट आली. चौकटी मात्र घसरल्या होत्या. काही एकमेकींवर चढल्या होत्या, काही पुढच्या पानावर गेल्या होत्या. मरळीचा फोटो वाघूर माशाच्या नावासमोर येऊन बसला होता आणि शिंगूर माशाचा अर्थ पानाच्या तळाशी एकटाच पडला होता. मधुकररावांनी चष्मा लावून चार पानं पाहिली.

"पाय, मरळीले वाघूर करून टाकलं तुह्या फुकटाच्यानं."

ज्योत्सनाने समजावलं, की दोष सॉफ्टवेअरचा नाही, चौकटींचा आहे. हे सगळं साध्या तक्त्यात घातलं तर कुठेही उघडलं तरी जागेवर राहील. ते म्हणाले, पैसेवाल्यात तर बरोबर दिसतं, मग दोष कोणाचा? शिवाय या नव्याने प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारली आहे. ज्योत्सना म्हणाली, लाल रेघ तर पैसेवालंही मारत होतं, आपली इकडची झाडीबोली दोघांनाही येत नाही. हे त्यांना मान्य करावं लागलं. तुडूमखाली दोन्हीकडे लालच होतं.

तिने ती फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या नावाने साठवली आणि चौकटी सरळ करता येतात का ते पाहायला राखीकडे मेलने पाठवली. राखीचंही उत्तर तेच आलं. चौकटी काढा, तक्ता करा. मधुकरराव म्हणाले, अख्खं वर्ष लागलं मला त्या लावायला. आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी देवानंदने लॅपटॉप पिशवीत घातला आणि मिलला जाताना सोबत नेला. संध्याकाळी परत आणला तेव्हा लाल पट्टी गेलेली होती. पैसेवालं सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यासारखं चालू झालं होतं, चौकटी जागच्या जागी होत्या. मधुकररावांनी एक अक्षर दाबून पाहिलं, ते उमटलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. पैसे भरले का, हे त्यांनी विचारलं नाही.

ज्योत्सनाने विचारलं. देवानंदने आधी टाळलं. मग सांगितलं, की त्याचा मित्र राजकुमार घरीच संगणक दुरुस्त करतो, त्याने पैसेवालंच फुकटात चालू करून दिलं. ज्योत्सनाने लॅपटॉप तपासला तर व्हायरस अडवणारी सुरक्षा बंद करून ठेवलेली होती. तिने ती चालू केली, तर लगेच लाल पट्टी परत आली. देवानंदने पुन्हा बंद केली.

"हे कुलूप तोडनं हाये," ती म्हणाली. "आन् दार उघडं ठेवून कोन कोन आत येते, ते आपल्याले दिसतही नाही."

"अवो, सारं गाव असंच चालवून राह्यलं. तुलेच कायले एवढं लागते?"

तिने वाद सोडला. तीन आठवडे तिने बोलून पाहिलं होतं, आणि आतल्या खोलीत मामाजी खरोखरच आनंदात टाइप करत होते.

पुढचे चार दिवस शब्दकोशाचे सगळ्यात चांगले दिवस होते. चिंधूला खोकल्यातून जरा उसंत मिळाली होती आणि तो मोकळेपणाने बोलत होता. जाळ्याच्या भागांची नावं, बांबूच्या सापळ्यांचे प्रकार, पाण्याच्या रंगावरून मासा कुठे असेल ते सांगणारे शब्द. एकतीस नवे शब्द झाले. एका सापळ्याचं नाव त्याने आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं आणि पन्नास वर्षांत स्वतः उच्चारलं नव्हतं, असं तो म्हणाला. मधुकररावांनी एकेक शब्द चौकटीत बसवला.

पाचव्या दिवशी फाईल उघडेना. तिचं नाव बदललं होतं, नावापुढे चार अनोळखी इंग्रजी अक्षरं चिकटली होती. सगळ्याच फाईलींना ती चिकटली होती. बचत गटाची पत्रं, तलावाचे फोटो, लग्नाचे फोटो, सगळं. मध्ये एक इंग्रजी चिठ्ठी होती. ज्योत्सनाने ती दोनदा वाचली. तुमच्या फाईली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, चावी हवी असेल तर डॉलरमध्ये पैसे पाठवा, असं लिहिलेलं होतं.

तिने ते मराठीत सांगितलं तेव्हा मधुकरराव खुर्चीत बसले होते आणि देवानंद दारात उभा होता.  देवानंदने राजकुमारला फोन लावला. राजकुमार म्हणाला, असं होतं कधी कधी, आणि सगळं पुसून नव्याने टाकून देतो, पण जुनं मिळणार नाही. देवानंद त्याच्यावर ओरडायला लागला, तेव्हा ज्योत्सनाने त्याच्या हातातून मोबाइल घेऊन बंद केला.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, पण थांबलीही नाही.

"तीन हप्ते मी एकच गोष्ट सांगून राह्यली. तुमाले पैसेवालं पाह्यजे होतं, पन पैसे नाही भरायचे होते. मामाजीले फुकट पाह्यजे होतं, पन चौकटी नाही सोडायच्या होत्या. दोघायलेही जे पाह्यजे ते पाह्यजे, आन् निस्तरायले मी. पैसे भरले असते तरी मी काही म्हनलं नसतं. तेही सरळ होतं. हे काय केलं?"

 मधुकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला नाही.

"देवा, तुनं मले सांगतलं नाही, आन् मीबी तुले इचारलं नाही," ते मुलाला म्हणाले. "लाल पट्टी कशी गेली, हे मले कळत नव्हतं असं नाही. दोघंही सारखेच."

त्या दुपारी चिंधू आला तेव्हा ते त्याला फक्त म्हणाले, आज नाही गा. चिंधूला काय ऐकू आलं कोण जाणे, तो नेहमीसारखा बसला, चहा प्यायला आणि गेला.

दोन दिवस ज्योत्सना राखीला फोनवर घेऊन लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने तयार करत होती. नेट मध्येच जायचं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी राखीनेच विचारलं, वहिनी, तुम्ही मला ती वाकड्या चौकटींची फाईल पाठवली होती ना, ती माझ्या मेलमध्ये असेल. ज्योत्सना ती पूर्णपणे विसरली होती. राखीने ती परत पाठवली. उघडली तर दोनशे चौदा शब्द तिथे होते. घसरलेले, एकमेकांवर चढलेले, मरळ अजून वाघूरच्या जागी. पण होते. शेवटचे एकतीस तेवढे नव्हते.

ज्योत्सनाने मधुकररावांना आणि देवानंदला समोर बसवलं आणि सांगितलं, की आता या लॅपटॉपवर फुकटचंच चालेल. तिच्याशिवाय कोणी काही त्यात टाकणार नाही. चौकट एकही राहणार नाही. आणि रोज संध्याकाळी फाईल पेन ड्राइव्हवर आणि राखीकडे जाईल. देवानंदने मान हलवली. मधुकररावांनी विचारलं, की निदान माशांच्या फोटोला तरी चौकट ठेवता येईल का. ती नाही म्हणाली.

तक्ता करायला जून गेला. ती चौकटीतून एकेक शब्द उचलून रकान्यात ठेवायची, शेजारी बसून मधुकरराव तपासायचे. फाईलीत चिकटवलेले लहान फोटो तेवढे उरले होते, तेही अंधूक. मुळातले गेले ते गेलेच. काम कंटाळवाणं होतं, आणि मधुकरराव दर दहा मिनिटांनी म्हणायचे, की पैसेवाल्यात हे बटण इकडे होतं. पहिले काही दिवस ती उत्तर द्यायची. नंतर तिने सोडून दिलं. पण एके दिवशी त्यांनी स्वतःहून रकान्यातल्या शब्दांना क्लिक करून अनुक्रमाने लावलं, आणि दोनशे चौदा शब्द क्षणात अ-आ-इ अशा क्रमाने लागले. चौकटीत असताना हेच त्यांनी हाताने केलं होतं, तीन महिने.  पुढे त्यांनी कधी बटणाचं नाव काढलं नाही.

जुलैत धानाचे रोवणे सुरू झाले आणि घरातले सगळे लावणीसाठी बांधीत गेले. पुन्हा बसले तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. राहिलं होतं ते एकतीस शब्दांचं.

चिंधूला पुन्हा विचारायचं म्हणजे सोपं नव्हतं. तेव्हा त्याच्या मनात जे आलं ते तो बोलत गेला होता. आता एकेक विचारलं, की तो भलतंच सांगायचा. पहिल्या आठवड्यात एकतीसपैकी अठरा मिळाले. बोटरी माशाच्या पिल्लाला त्याने मेमध्ये एक नाव दिलं होतं, ते मधुकररावांना आठवत होतं. आता तो दुसरंच सांगत होता. मधुकरराव चिडले. इतक्या महिन्यांचा सगळा त्रागा त्यांनी त्या एका पिल्लावर काढला. तू तेव्हा वेगळं सांगितलं होतंस, आता वेगळं सांगतोस, मी लिहू तरी काय, असं ते चांगल्या कानाजवळ जाऊन मोठ्याने म्हणाले.

चिंधूने शांतपणे ऐकून घेतलं.

"गुर्जी, तवा तुमी उन्हाळ्यातलं इचारलं होतं. आता पानी भरलं. लहान पिल्ल्याचं नाव येगळं, वाढल्यावर येगळं. मासा वाढते ना."

 ज्योत्सनाने रकाना दोन भागांत केला आणि दोन्ही नावं लिहिली. मग तिने विचारलं, अजून कोणाकोणाची अशी दोन नावं आहेत? चिंधूने बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्या दुपारी पाच जुने शब्द सापडले आणि अकरा नवे मिळाले. उरलेलेही हळूहळू मिळाले, आजोबांच्या तोंडून ऐकलेलं त्या सापळ्याचं नाव मात्र परत आलं नाही. ते जिभेवर येऊन जातं, असं तो म्हणायचा. मधुकररावांना त्याचं पहिलं अक्षर 'ढ' होतं एवढंच आठवत होतं. त्या जागी तक्त्यात सापळ्याचं वर्णन आहे, आणि नावाचा रकाना कोरा आहे.

दिवाळीनंतर फाईल भंडाऱ्याच्या छापखान्यात न्यायची वेळ आली. छापखानावाल्याने फोनवर सांगितलं, की आमच्याकडे पैसेवाल्यातलीच फाईल लागते, फुकटच्यातली हलते. देवानंदने ज्योत्सनाकडे पाहिलं. तिने विचारलं, पीडीएफ चालेल का. चालेल की, तो म्हणाला, तीच सगळ्यात बरी. एवढ्या सहा महिन्यांत हे एक वाक्य कोणीच बोललं नव्हतं, तीही नाही. तिने मोबाइल ठेवला. मग पीडीएफ केली आणि छापखान्याला पाठवून दिली.

छपाई सुरू होण्याआधी सगळं एकदा चिंधूला वाचून दाखवायचं, असं मधुकररावांनी ठरवलं. पुस्तकावर त्याचंही नाव होतं, आणि त्याला ते वाचता येणार नव्हतं. तीन दुपारी ज्योत्सना त्याच्या चांगल्या कानाशी बसून मोठ्या आवाजात वाचत होती. तो डोळे मिटून ऐकायचा, मान हलवायचा, मधेच खोकायचा. तिसऱ्या दुपारी एका शब्दाशी त्याने हात वर केला आणि म्हणाला, असं नाही म्हणत आमच्यात, असं तर तुमच्यात म्हणतात.

मधुकररावांनी डोक्याला हात लावला. छापखान्यात फाईल गेलेली होती.

ज्योत्सनाने छापखान्याला फोन करून उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. लॅपटॉप मांडीवर घेतला, तक्ता उघडला, त्या शब्दापर्यंत आली.

"हां, चिंधूबाबा," ती म्हणाली. "तुमच्यात काय म्हनते, ते सांगा."